मोह, संमती आणि पाप

मोह होणे हेच पाप होय काय? ख्रिस्ती शास्त्राचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अरण्यातील ४० दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने खुद्द येशूला मोह घातला. तरी तो निष्पापच राहिला, असे शुभवर्तमान सांगते.

मूळ ग्रीक ‘पेइरास्मोस’ या शब्दाचे ‘परीक्षा’ व ‘मोह’ असे दोन्ही अर्थ होतात. भाषांतरकाराला मात्र एकच निवडावा लागतो. त्यामुळे प्रभूच्या प्रार्थनेतील याचनेवरून, देवच मनुष्याला मोहात लोटतो की काय, अशी शंका उद्भवते. याकोबाच्या पत्रात तिचे निराकरण आहे : देव कोणालाही मोह घालीत नाही; मनुष्य स्वतःच्याच वासनेने ओढला जातो. फ्रान्समधील कॅथलिकांनी २०१७ साली त्या ओळीचे भाषांतर बदलले, ते हीच शंका टाळण्यासाठी.

मग पापाचा आरंभ कोठे? संत ऑगस्टीन तीन पायऱ्या सांगतो : सूचना, आस्वाद आणि संमती. सूचना मनात उठणे आपल्या स्वाधीन नाही. तिचा आस्वाद घेऊ लागणे धोक्याचे. संमती दिली की पाप पूर्ण झाले. म्हणून दुष्ट विचार आला एवढ्यावरून साधकाने स्वतःस पतित मानू नये. आणि ‘नुसता विचारच तर आहे’ असे म्हणून त्याला थाराही देऊ नये. सूचना आणि संमती यांमधील त्या अल्प अवकाशात बळ मिळावे, हेच त्या प्रार्थनेचे मागणे आहे.