टेबलाखालचं खोकं

सावकाश बसा. हात मांडीवर मोकळे सोडा. आज जुन्या, दुर्मिळ ध्वनिमुद्रिकांच्या शोधावर मनन करायचं आहे. घाई नाही. एक टप्पा झाला की डोळे मिटा, वाचलेलं मनात उमटू द्या आणि मगच पुढे या.

आधी एक तबकडी हातात घेतली आहे असं समजा. मिनिटाला 78 फेरे घेणारी, 10 इंची. वाटलं होतं त्याहून ती जड लागते. ती लाखेची आहे. झाडाच्या फांद्यांवर इवल्याशा किड्यांनी स्रवलेली लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. हातातून सुटली तर तुकडेच होतील, म्हणून दोन्ही तळव्यांनी कडेला धरा. उजेडाकडे जरा तिरकी करा. शेकडो रेघा दिसतात, पण ती एकच रेघ आहे, कडेपासून मध्याकडे फिरत गेलेली. तेवढ्या रेघेत तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावलं आहे. रेघ जिथे संपते तिथे, लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर, काही आकडे उमटलेले दिसतील. तो त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. लेबल फाटलं, शाई उडाली, तरी हे आकडे राहतात. मुरलेला संग्राहक आधी तेच वाचतो. पिन टेकण्यापूर्वीच त्याचं ऐकणं सुरू झालेलं असतं.

थांबा. तबकडीचं वजन तळव्यांना जाणवू द्या.

आता मन 1977 सालच्या न्यूयॉर्कमध्ये न्या. 'व्हॉयेजर' नावाची दोन याने दूरच्या ग्रहांकडे आणि मग त्यांच्याही पलीकडे निघणार आहेत. पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत कोरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी प्रत्येक यानावर बसवायची आहे. हे आवाज निवडणाऱ्या, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाला संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी आग्रहाने एक नाव सुचवलं: गायिका केसरबाई केरकर, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. पण ती रेकॉर्ड दुकानांत मिळेना. गटातल्या ॲन ड्रुयन ती शोधत शहरभर फिरल्या. अखेर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट तपकिरी खोक्यात तिच्या तीन प्रती निघाल्या. तिन्ही कोऱ्या, न उघडलेल्या. ड्रुयन यांनी तिन्ही घेतल्या. या बाईंना एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती कशाला हव्यात, याचं दुकानात मोठं कुतूहल झालं.

डोळे मिटून ते टेबल पाहा. वर अंथरलेलं कापड, खाली अंधार, अंधारात खोकं. माणसं येतात, वस्तू निवडतात, भाव विचारतात, निघून जातात. खोकं तिथेच आहे. वाट पाहणं हा खोक्याचा गुण नव्हे, पण कुणी ते टाकूनही दिलेलं नाही. या न टाकण्यावर जरा रेंगाळा. जगातलं किती चांगलं काही केवळ एवढ्यामुळे आपल्यापर्यंत आलं आहे.

आता मनाला एक प्रश्न विचारा. विजेच्या उपकरणांच्या दुकानात केसरबाई सापडाव्यात, हे खरोखर नवलाचं होतं का? घर सोडून सातासमुद्रापार गेलेली माणसं जिथे खरेदीला येत, तिथेच त्यांच्या घरचं गाणंही असणार. संगीताच्या मोठ्या दुकानांत ते नव्हतं, कारण तिथे ते कुणी मागत नव्हतं. जागा अनपेक्षित वाटते ती बाहेरून पाहणाऱ्याला. ज्याला तो आवाज हवासा होता, त्याच्यासाठी ती अगदी ओळखीची होती.

जुन्या रेकॉर्डींच्या मागे लागलेल्यांना मला कळकळीने हेच सांगावंसं वाटतं. रेकॉर्ड शोधू नका, तिचा श्रोता शोधा. हा आवाज कुणाला हवा होता आणि ती माणसं नंतर कुठे गेली, हे विचारा. मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार आहे, तिथे जरूर जावं, फुटपाथवर उकिडवं बसून गठ्ठे चाळावेत. पण त्याआधी मनाने त्या काळात जाऊन यावं. लग्नामुंजींत, गणपतीत लाउडस्पीकर लावणारे कुठल्या रेकॉर्डी बाळगत असतील? त्यांची पत्र्याची पेटी आता कुणाच्या गोठ्यात पडली असेल? नाटकाच्या पदांवर जीव टाकणारे एखादे शाळामास्तर, त्यांच्या घराचा माळा, आणि तो माळा रिकामा करायला बोलावलेला भंगारवाला. या साखळीतल्या प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. घाई करू नका. रेकॉर्ड त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हाती आहे.

अजून एक टप्पा, जरा कठीण. काही आवाज मिळणारच नाहीत. गायक भास्करबुवा बखल्यांचं गाणं तबकडीवर उतरलं नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब 1946 साली गेले, त्यांचीही ध्वनिमुद्रिका नाही. कितीही बाजार पालथे घातले तरी तिथे हात रिकामाच राहणार. त्या रिकाम्या हातासकट थोडं बसा. त्यावर लगेच उपाय शोधू नका.

आणि मग लक्षात घ्या, की इथेही तोच प्रश्न वाट दाखवतो. खाँसाहेबांचा आवाज कुणाला हवा होता? गोव्यातल्या केरी गावी 1892 साली जन्मलेल्या केसरबाईंना तो इतका हवा होता, की 1921 पासून खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत त्या शिकत राहिल्या. त्या स्वतः ध्वनिमुद्रणाला सहसा राजी नसत. त्यांनी दिलेल्या मोजक्या तबकड्यांत तो दीर्घ श्वास, ती अखंड आकाराची तान आहे, आणि तिच्यामागे गुरूची तालीम आहे. जी तबकडी कधी झालीच नाही, तिचा एक अंश शिष्येच्या तबकडीत ऐकू येतो. 'व्हॉयेजर 1' आकाशात झेपावलं 5 सप्टेंबर 1977 रोजी. केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. त्यांचा आवाज आता दोन्ही यानांबरोबर सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचला आहे.

ड्रुयन यांनी घेतलेल्या त्या तीन प्रतींकडे पुन्हा एकदा पाहा. त्या कपाटात बंद करण्यासाठी घेतलेल्या नव्हत्या. त्यातलं गाणं ज्यांना माहीत नाही, ज्यांचा पत्ताही माहीत नाही, अशांना ते पाठवायचं होतं. आपल्या हाती एखादी दुर्मिळ चीज लागली, तर ती आपण कुणाला ऐकवणार? हा प्रश्न शोधाला निघण्यापूर्वी विचारावा. त्याचं उत्तर मनात असलं, की हाव आपोआप ओसरते आणि शोधाला धीर येतो.

आता डोळे उघडा. मननातून उठून एवढं करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, तुमच्या तरुणपणी घरात काय ऐकलं जायचं, फोनो कुणाकडे होता, त्या रेकॉर्डी पुढे कुठे गेल्या. मिळाल्या तर एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहा: गाणाऱ्याचं छापलेलं असेलच, तुम्ही ऐकणाऱ्याचं लिहा. पुढे कुणी शोधत आलं, तर हे गाणं या घरात कुणाला हवं होतं ते त्याला कळेल.