परदुःख आणि प्रयोगशाळा

परदुःख शीतळ असतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती व्यवहारांत खरी आहेच. पण शास्त्रांतही ती खरी ठरते काय, हा प्रश्न संततिनियमनाच्या औषधांचा इतिहास पाहतांना आमच्या मनांत उभा राहतो. संततिनियमन इष्ट कीं अनिष्ट, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तेव्हांपासून महाराष्ट्रानें तो पुष्कळ ऐकला आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. नवें औषध सिद्ध होण्यासाठीं कोणास तरी प्रथम त्रास सोसावा लागतो. तो त्रास किरकोळ कीं असह्य, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

संततिप्रतिबंधक गोळीचा पहिला मोठा प्रयोग १९५६ सालीं प्वेर्तो रिको बेटावर, रिओ पिएद्रास येथील गरीब स्त्रियांवर झाला. ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक हे अमेरिकन शास्त्रज्ञ त्याचे योजक होते. त्या गोळींतील संप्रेरकांचें प्रमाण आजच्या गोळीच्या कितीतरी पट होतें. गोळीनें गर्भ राहत नाहीं, एवढें स्त्रियांस सांगितलें होतें. औषध अद्याप प्रयोगावस्थेंत आहे, हें मात्र सांगितलें नव्हतें. तेथील व्यवस्था पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे या बाईंनीं स्पष्ट अभिप्राय दिला, कीं गर्भधारणा टळते खरी, परंतु शेंकडा १७ स्त्रियांस मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात. सबब ही गोळी सर्वसामान्य वापरास योग्य नाहीं. पिंकस यांस हे त्रास बव्हंशीं मानसिक वाटले. १९६० सालीं अमेरिकेंत गोळीस मान्यता मिळाली. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मागाहून उघड झाला, आणि धोक्याची माहिती देणारें पत्रक पाकिटांत घालण्याचा हुकूम निघावयास १९७० साल उजाडलें.

आतां पुरुषांकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्कारानें ३२० पुरुषांवर संततिप्रतिबंधक इंजेक्शनांचा प्रयोग चालला होता. गुण चांगला येत होता. परंतु कित्येकांस मनाची उदासी, मुरुम, स्नायूंचें दुखणें असे त्रास झाले, आणि परीक्षक समितीच्या शिफारशीवरून २०११ सालीं इंजेक्शनें थांबविण्यांत आलीं. २०१६ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें, कीं त्या पुरुषांपैकीं शेंकडा ७५ हून अधिक जण ही पद्धति पुढें वापरण्यास राजी होते.

या विषमतेचें समर्थन असें करितात: बाळंतपणांत स्त्रीच्या जिवास धोका असतो, त्यापुढें गोळीचा त्रास लहान, पुरुषास तो धोकाच नाहीं, म्हणून त्याचा लहान त्रासही जड. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. रिओ पिएद्रासच्या स्त्रिया मुलांच्या ओझ्यानें गांजलेल्या होत्या व आपण होऊन गोळी मागण्यास आल्या होत्या, हेंही विसरतां येत नाहीं. परंतु तराजू एकेकट्या शरीरापुरताच कां धरावा? मूल दोघांचें असतें. पुरुषानें औषध घेतल्यास स्त्रीच्या जिवावरचा धोका टळतो. मग तो लाभ पुरुषाच्या पारड्यांत कां पडूं नये?

समितीची सावधगिरी चुकीची होती, असें आमचें म्हणणें नाहीं; तीच सावधगिरी १९५६ सालीं कां नव्हती, हें आम्ही विचारतों. तथापि दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. ज्यानें सोसलें त्याचा शब्द निर्णायक ठरला नाहीं. रक्तांतील गुठळी रोग्यास दिसत नाहीं. ती शोधणें व तिची पूर्वसूचना देणें हें वैद्याचें कर्तव्य होय. उलट मळमळीचें ओझें किती, हें वैद्यास दिसत नाहीं. तें भोगणाऱ्यासच कळतें. म्हणून शास्त्रज्ञानें आपणांस ठाऊक असलेलें आणि नसलेलें, दोन्ही आधीं सांगावें, आणि मग त्रासाचें माप सोसणाऱ्याच्या हातीं द्यावें. असें न करितां साधलेलें लोकहित आम्हांस उसनवारीचें वाटतें. आणि ज्यांच्याकडून उसनें घेतलें, त्या रिओ पिएद्रासच्या स्त्रियांस तें कोणीं फेडल्याचें दिसत नाहीं.