वजनाचे पापपुण्य

दिवाळीच्या दिवसांत फराळाचे ताट पुढे आले की घरोघरी एक छोटासा न्यायनिवाडा सुरू होतो. अंगाने भरलेल्या माणसाने दुसऱ्या करंजीला हात घातला की चौघांच्या नजरा तिकडे वळतात. आणि सडपातळ माणसाने ‘पुरे’ म्हटले की त्याच्या संयमाचे कौतुक होते. वजन ही खरे म्हणजे तराजूची बाब. तिची नोंद आपण पापपुण्याच्या वहीत केव्हा करू लागलो, कोण जाणे!

ही समजूत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंद्य ठरवले. पण त्यांतल्या त्यात कृश बरा, असा कौल दिला. आजचे वैद्यकही सांगते की, लठ्ठपणा धडधाकट माणसाला मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या वाटेला लावतो.

परंतु रोग एकदा घरात येऊन मुक्कामाला राहिला की हिशेब चमत्कारिक होतो. हृदय कायमचे दुबळे झालेल्या रुग्णांत स्थूल माणसे कृशांपेक्षा सरासरीने अधिक जगतात, असे अनेक पाहण्यांत आढळले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा फुग्याने दूर केलेल्या रुग्णांविषयी 2002 साली ग्रुबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच लिहिले, आणि ‘लठ्ठपणाचा विरोधाभास’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. फुफ्फुसांच्या जुनाट विकारात रुग्णाचे भवितव्य अजमावण्यासाठी 2004 साली एक गुणपद्धती प्रसिद्ध झाली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा 21 किंवा त्याहून कमी असेल, तर तिच्यात धोक्याचा एक गुण वाढतो.

याचे कारण कळले की मन हेलावते. आपण श्वास घेतो हे आपल्या ध्यानातही नसते. या रुग्णाला मात्र श्वास ही दिवसभराची मजुरी होऊन बसते. घास चावतानाही धाप लागते, म्हणून जेवण कमी होते. खर्च वाढलेला, जमा घटलेली; मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. अशा वेळी अंगावरचे मांस ही गाठीची शिदोरी ठरते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ असेच झिजत होते. भेटायला येणारे म्हणत, “वा, छान बारीक झालात!” ते बिचारे हसत. पण त्यांच्या सदऱ्यांना टाके घालून ते आवळणाऱ्या त्यांच्या पत्नीला ही स्तुती ऐकवत नसे. ती दर दोन तासांनी थोडेथोडे भरवी. जे जात होते त्याचेच लोक अभिनंदन करीत होते!

म्हणून कोणी या विरोधाभासाचा आधार घेऊन चकल्यांचा डबा जवळ ओढील, तर तेही खरे नव्हे. पुष्कळदा कृशपणा रोगाचे कारण नसून त्याची खूण असतो. शिवाय तराजूला चरबी, स्नायू आणि पाणी यांतला भेद कळत नाही. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाचे वजन चार दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर ते बाळसे नव्हे. अंगात पाणी साठत असल्याचा तो इशारा असतो, आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवायला हवे. 2023 साली अशा रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात कमरेचा घेर उंचीशी ताडून पाहिला, तेव्हा लठ्ठपणाचा तो फायदा दिसेनासाच झाला.

वजन-उंचीचे हे गणित एकोणिसाव्या शतकात मांडले ते केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने. त्याला शोध होता ‘सरासरी माणसा’चा. आपल्या घरातल्या खाटेवर मात्र सरासरी माणूस कधीच नसतो. तिथे असतात आपले वडील, आपली मावशी. त्यांनी काय खावे हे डॉक्टरांनी जरूर सांगावे. पण त्यांच्या देहावरून त्यांच्या शीलाचा निकाल लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मला वाटते, आजाऱ्याला भेटायला जाताना ‘जाड झालात’, ‘बारीक झालात’ हे दोन्ही शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावेत. आज घास जातो का, पायांना सूज आहे का, जिना चढवतो का, एवढेच विचारावे. आणि उत्तर पुरे होईपर्यंत जवळ बसावे. धाप लागलेल्या माणसाला एक वाक्य पुरे करायलाही वेळ लागतो.