परक्याच्या कर्जाचा जामीन

स्वर्गाच्या दाराशी पोहोचलेल्या युधिष्ठिराने, श्वानाला मागे टाकून रथात बसण्याचा इंद्राचा आग्रह मोडून काढला, ही कथा आपल्याकडे भूतदयेचा दाखला म्हणून सांगितली जाते. परंतु महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाने दयेची भाषा फारशी केलेलीच नाही. हस्तिनापुरापासून जो जीव मागोमाग चालत आला, त्या आश्रिताचा स्वसुखासाठी त्याग करणे हे ब्रह्महत्येच्या तोडीचे पातक होय, असे त्याचे म्हणणे. मग ज्याने आपली पाठ कधी धरलीच नाही, त्याच्याविषयी आपले कर्तव्य कोणते?

हा प्रश्न मला पडला तो एका प्राणी-आश्रयगृहाच्या आवारात. ज्या जातीचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे, त्या ग्रेट डेन जातीचा आठ वर्षांचा एक प्रचंड कुत्रा तेथे होता. तोंड पांढरे झालेले, उघड्या फरशीवर बसून कोपरांना राठ घट्टे पडलेले. नोंदवहीत सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘घर बदलले’ एवढाच मजकूर होता. येणारी मंडळी त्याच्यावरून नजर फिरवीत पिल्लांकडे जात.

बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध १८३२ साली मुंबईत पारशी समाजाने दंगा केला, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाईप्रभृतींच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभी राहिली; पुढे १९६० च्या कायद्याने, सबळ कारणावाचून पाळीव जनावर सोडून देणे हा गुन्हा ठरला. तथापि पांजरपोळ निवारा देते, कायदा अपराध्याला दंड करतो. सोडलेल्या जिवाला ‘आपला माणूस’ परत मिळवून देणे दोहोंच्याही अखत्यारीत नाही.

मी त्याला घरी आणला तेव्हा शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “पूर्वजन्मीचं देणं असेल तुमचं.” ऋणानुबंधाची ही उपपत्ती सोयीची खरी, पण मला ती पटली नाही. देणे होते ते त्या रकान्यात दोन शब्द लिहवून गेलेल्या इसमाचे. आणि कर्मसिद्धांताप्रमाणे तर ज्याचे त्यानेच फेडावयाचे. परंतु आपल्या व्यवहाराला जामीन नावाची एक व्यक्ती ठाऊक आहे, जिने रकमेतला छदामही उपभोगलेला नसतो आणि तरी जी बाकीसाठी उभी राहते. याचे बाळपणचे बागडणे, भर उमेदीतली राखण, हे सारे मुद्दल दुसऱ्याने घेतले. माझ्या वाट्याला सांध्यांची औषधे, घसरू नये म्हणून घरभर अंथरलेली गोणपाटे आणि लवकरच यावयाचा वियोग. जामीन उभा राहिल्याने ऋणको दोषमुक्त होत नाही. धनको मात्र रिकाम्या हाताने परतत नाही.

या धनकोला अर्थात हिशेब कळत नाही. रात्री नऊच्या सुमारास गल्लीत एखादी मोटार थांबली की त्याचे कान उभे राहतात, आणि तो उठू पाहतो. तो कोणाच्या वाटेकडे डोळे लावून आहे हे मला ठाऊक आहे, व तो मी नव्हे, हेही. मागचे पाय साथ देत नाहीत, म्हणून मी त्याच्या पोटाखालून पंचा घालतो, दोन्ही टोके धरून त्याला उभा करतो, आणि आम्ही दोघे सावकाश दारापर्यंत जातो.