कामाचे पोटभाग आणि माणसाचा भार

अनेकांनीं मिळून एक मोठें काम करावयाचें म्हटलें म्हणजे तें वांटून घेतल्यावांचून गत्यंतर नसतें. देऊळ बांधणारे पाथरवट, गलबत बांधणारे सुतार, छापखान्यांत खिळे जुळविणारे, या सर्वांनीं हेंच केलें. परंतु कोणाच्या अंगावर किती काम पडलें आहे याचा हिशेब घडोघडीं, सर्वांच्या डोळ्यांसमोर, रंगीत पट्ट्यांच्या रूपानें मांडला जावा, ही सोय मात्र अलीकडची आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यांत हिंजवडीस किंवा बंगळुरास नोकरी करणारा मुलगा अथवा सून ज्या घरांत आहे, त्या घरांतील वडील माणसांच्या कानांवर ‘टास्क’, ‘सबटास्क’, ‘टिकीट’ हे शब्द जेवतांनाहि पडत असतात. हे शब्द ज्या वहींतले आहेत, त्या वहीविषयीं आम्हांस येथें थोडें लिहावयाचें आहे. कारण ती दिसावयास हिशेबाची असली, तरी तिच्यांत माणसांचा न्यायनिवाडा होत असतो.

जिरा नांवाचें असें एक साधन ऑस्ट्रेलियांतील ॲटलासियन कंपनीनें २००२ सालीं काढलें. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, आसाना इत्यादि दुसरींहि प्रसिद्ध आहेत. यांतील रीत थोडक्यांत अशी. मोठें काम एका चिठ्ठीवर लिहावयाचें, त्याचे तुकडे पाडून त्याखालीं सबटास्क म्हणजे पोटकामें मांडावयाचीं, आणि प्रत्येकापुढें करणाराचें नांव व लागणारे तास घालावयाचे. मग यंत्र एकेका नांवापुढील तास एकत्र करून ते आठवड्याच्या तासांशीं ताडून पाहतें. ज्याची बेरीज मर्यादेंत त्याची पट्टी बहुधा हिरवी, ज्याची बाहेर त्याची तांबडी. सोमवारीं सकाळीं प्रमुखानें ती पाहावी आणि तांबड्याकडचें काढून हिरव्याकडे द्यावें. यापरतें सरळ तें काय असणार?

एक उदाहरण घेऊं. एखाद्या बँकेच्या खातेदारास महिन्याचा उतारा मोबाइलवर मिळावा, असें काम चौघांकडे आलें. प्रमुखानें त्याला ४० तास धरले व चिठ्ठीवर स्वतःचें नांव घातलें. पुढें त्याचीं पोटकामें पडलीं: आंकडे काढण्यास १० तास, पडदा रचण्यास १२, तपासणीस १०, आणि सर्व जागच्या जागीं बसविण्यास ८. बेरीज ४० च. परंतु मूळ चिठ्ठीवरचे ४० तसेच राहिले तर वहींत एकंदर ८० तास दिसतात, आणि ज्यानें बहुशः नुसती देखरेख करावयाची, तो प्रमुखच सर्वांत अधिक दबलेला ठरतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरणारांस म्हणूनच प्रारंभीं बजावतात कीं, गोषवाऱ्याच्या ओळीवर माणसाचें नांव घालूं नये. याच्या उलटहि घडतें. कांहीं साधनांत पोटकाम अमुक प्रकल्पाचें आहे हें निराळें सांगावें लागतें. न सांगितल्यास भाराच्या पट्टींत तें उमटत नाहीं. कांहीं ठिकाणीं हिशेब मोठ्या चिठ्ठीपुरताच ठेवण्याची चाल असते. अशा वेळीं जो गृहस्थ एकहि मोठी चिठ्ठी स्वतःच्या नांवावर न घेतां पांच जणांचीं पोटकामें उरकीत असेल, तो वहींत रिकामा दिसतो. शिवाय जिराच्या मूळ मांडणींत एका चिठ्ठीला कर्ता म्हणून एकच नांव देतां येतें. दोघांनीं एका पडद्यासमोर बसून जें काम दिवसभर केलें, त्यांतील दुसरा मनुष्य त्या दिवशीं या जगांत नव्हताच, असें वही सांगते.

या चुका हिशेबाच्या आहेत व हिशेबानेंच सुधारतात. तास एक तर मोठ्या चिठ्ठीवर घालावे किंवा पोटकामांवर घालावे. दोहोंकडे घालूं नयेत, आणि ठरलेली रीत सर्वांनीं पाळावी. आम्ही ही गोष्ट क्षुल्लक मानीत नाहीं. दुसऱ्याच्या श्रमाची बेरीज चुकविणें हें दुसऱ्याच्या पैशाची बेरीज चुकविण्याहून कमी दोषास्पद कां मानावें, हें आम्हांस कळत नाहीं. रिकाम्या दिसणाराला आणखी एक काम मिळतें. तो ‘नाहीं’ म्हणाला तर आळशी ठरतो. आणि हें ठरणें वर्षअखेरच्या पगारवाढीच्या वाटेनें त्याच्या मुलाबाळांपर्यंत जाऊन पोहोंचतें.

परंतु समजा, बेरजा सर्व बरोबर आल्या. मग तरी ती पट्टी खरें बोलते काय?

आय. बी. एम. कंपनीच्या सिस्टिम/३६० या यंत्राकरितां ऑपरेटिंग सिस्टिम रचण्याचें प्रचंड काम ज्यांच्या देखरेखीखालीं झालें, त्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं १९७५ सालीं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. माणूस आणि महिना हीं एकमेकांच्या बदल्यांत देतां येण्याजोगीं नाणीं नव्हत. उशीर झालेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर तें अधिकच लांबतें, असें त्यांचें म्हणणें. याचें एक कारण साध्या गणिताचें आहे. तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, तर दहा जणांत ४५. तुकडे सुटे सुटे करतां येतात, पण ते एकमेकांशीं जुळावयाचे तर करणारांनीं एकमेकांशीं बोललेंच पाहिजे. आतां आमचा प्रश्न असा कीं, या ४५ जोड्यांचें बोलणें कोणाच्या पोटकामांत लिहिलेलें असतें?

बहुधा कोणाच्याच नाहीं. आणि हें बोलणें सर्वांवर सारखें पडतें असेंहि नाहीं. प्रत्येक मंडळींत एखादी बाई किंवा एखादा गृहस्थ असा असतो, कीं जुनें काम कां तसें केलें होतें हें त्यालाच आठवतें. नवा आलेला मुलगा भांबावला म्हणजे त्याच्याच खुर्चीशीं येऊन उभा राहतो. दोन तुकडे जुळत नाहींत हें कोणाच्या ध्यानांत येण्यापूर्वीं त्याच्या ध्यानांत आलेलें असतें. अशा बाईचें आठ तासांचें पोटकाम तीन दिवस रेंगाळतें आणि वहींत तिच्या नांवापुढें विलंबाची खूण पडते; ज्यांना तिनें वाट दाखविली, त्यांचीं कामें मात्र वेळेवर पुरीं झालेलीं दिसतात. म्हणजे तिचे तास वहींत नाहींत असें नाहीं. ते इतरांच्या नांवावर जमा आहेत. याशिवाय काम फोडणें हेंहि एक काम आहे. कोणता तुकडा आधीं, कोणता कोणावांचून अडेल, हें ठरविण्यास जी बुद्धि लागते तिला ओळ नसते. उलट आपल्या बेताच्या कामाचीं पंधरा पोटकामें पाडून रोज दोन-तीन पुरीं झाल्याची खूण करणारा मनुष्य मोठा कर्ता भासतो. हा मोह मनुष्यस्वभावास धरूनच आहे. त्यासाठीं त्या बिचाऱ्यास दोष तरी कशाला द्यावा?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं संगणकाची कचेरी पाहिली नाहीं, त्यांनीं स्वतःचें स्वयंपाकघर पाहावें. भाजी चिरणें, कणीक मळणें, भांडीं घासणें हीं पोटकामें वांटून देतां येतात, व हल्लीं कित्येक घरांत पुरुषमंडळीहि त्यांतील एखादें आनंदानें उचलतात. परंतु तेल संपत आलें आहे, उद्यां एकादशी आहे, सासऱ्यांचें औषध जेवणाआधींचें आहे, हें ध्यानांत ठेवणें कोणाच्या वांट्याला गेलें? सरकारी सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशांतील लोकांच्या चोवीस तासांची जी पाहणी केली, तींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जातात, आणि तें करणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें आढळलें. ही पाहणी अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांनीं झाली. ध्यानांत ठेवणें हें असें काम आहे कीं, तें सर्व रकान्यांत असून एकाहि रकान्यांत सांपडत नाहीं.

तर मग मोजूंच नये काय? मोजमापाविषयींची चीड कांहीं नवी नाहीं. टेलरसाहेबांनीं कारखान्याच्या शास्त्रीय व्यवस्थेवरील आपलें पुस्तक ज्या १९११ सालीं प्रसिद्ध केलें, त्याच वर्षीं अमेरिकेंतील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारांत ओतकाम करणाऱ्या कामगारांच्या मागें घड्याळ घेऊन माणूस उभा करण्यांत आला, आणि ते काम सोडून बाहेर पडले. प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें चौकशी झाली, आणि १९१५ सालीं काँग्रेसनें सरकारी पैशानें असें घड्याळ लावण्यास मनाई केली. त्या लोकांना श्रमाचा कंटाळा नव्हता. मोजणारा आपल्यापैकीं नाहीं आणि मोजलेला आंकडा आपल्याविरुद्धच वापरला जाणार, हें त्यांना खुपलें. टेलरचे सहकारी हेन्री गँट यांच्या पट्ट्यांचा नकाशा आजहि या साधनांत त्यांच्याच नांवानें चालतो. त्या नकाशांवर वॉलेस क्लार्क यांनीं १९२२ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत एक गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटली. कामगाराचें काम ठरल्याहून कमी भरलें, तर त्या जागीं कारणाचें अक्षर लिहावयाचें असे: हत्यार बिघडलें, माल आला नाहीं, सूचना मिळाली नाहीं, इत्यादि. म्हणजे त्या कागदावर ‘किती’च्या शेजारीं ‘कां’ला जागा होती, आणि त्यांतील बरीचशीं कारणें कामगाराच्या हातचीं नव्हतीं. आजची तांबडी पट्टी मात्र ‘किती’ एवढेंच सांगून गप्प बसते.

असें असलें तरी मोजणें सोडून द्यावें, या पक्षाला आम्ही मिळूं शकत नाहीं. न मोजलेल्या श्रमाचें काय होतें हें महाराष्ट्राइतकें कोणास ठाऊक असणार? महारवतनांत बलुतें ठरलेलें, पण काम ठरलेलें नव्हतें. सरकारी कामगार म्हणून सांगावा पोंचविणें, ओझें वाहणें, रात्रीं-अपरात्रीं बोलावणें येईल तेव्हां उठणें, याला ना सीमा होती ना नोंद. मोबदला मात्र अत्यल्प. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करून यांतून सुटका व्हावी, म्हणून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल मांडलें. हीं वतनें कायद्यानें नाहींशीं होण्यास पुढें १९५८ साल उजाडावें लागलें. भार अनिश्चित ठेवणें हेंच तेथें जुलमाचें साधन होतें. ‘आपण सर्व एका कुटुंबांतले, तास कसले मोजतां?’ असें जेव्हां आजचा एखादा मालक गोड शब्दांत म्हणतो, तेव्हां जाणत्यानें सावध व्हावें, असें आम्हांस वाटतें. अर्थात् गलेलठ्ठ पगाराची खुर्ची आणि जन्मानें लादलेलें वतन यांची बरोबरी करणें हास्यास्पद होईल. पण भाराला आंकडा नसला म्हणजे तो ज्याला नकार देतां येत नाहीं त्याच्याकडे घरंगळत जातो, एवढी गोष्ट दोहोंकडे एकच आहे.

तेव्हां वादाचा मुद्दा मोजण्याचा नसून आंकडा कोणाच्या तोंडचा, हा आहे. ‘स्क्रम’ पद्धतीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेंत, काम किती मोठें याचा अंदाज तें करणारांनींच करावा, असें स्वच्छ सांगितलें आहे. नियम उत्तम आहे. व्यवहारांत मात्र मंगळवारीं केलेला अंदाज शुक्रवारीं वचन होतो आणि महिनाअखेर आरोप होतो. मग शहाणा मनुष्य पुढल्या खेपेस आठ तासांचे चौदा सांगतो, प्रमुखाला तें ठाऊक असल्यामुळें तो चौदाचे नऊ करतो, आणि दोघेहि एका खोट्या आंकड्यावर सही करून जेवावयास जातात. जो मनुष्य अंदाज चुकल्याबद्दल शिक्षा करतो, त्याला खरा अंदाज ऐकण्याचा हक्क उरत नाहीं, असें आमचें मत आहे.

कोणी म्हणेल, भार ज्याचा त्यानेंच सांगावयाचा तर कामचुकारांचें फावेल. फावेलहि थोडें. पण कामचुकार ओळखावयास मंडळींतील लोकांना पट्टी लागत नाहीं. शेजारच्या खुर्चीवर बसणाराला तो आठ दिवसांत कळतो. आम्हांस काळजी वाटते ती दुसऱ्याच मनुष्याची. तो नवा असतो, किंवा घरीं कर्ज असतें, किंवा ‘माझ्यानें होणार नाहीं’ हें वाक्य त्याच्या जिभेवर कधीं बसलेलेंच नसतें. त्याला विचारलें तर तो ‘होईल, होईल’ म्हणतो आणि रात्रीं दोन वाजतां दिवा जळत ठेवतो. अशा मनुष्यासाठीं ही वही खरोखर उपयोगी आहे. जें त्याला बोलवत नाहीं, तें ती त्याच्या वतीनें बोलते. पण त्यासाठीं प्रमुखानें तांबडी पट्टी पाहून त्याच्याजवळ जाऊन बसलें पाहिजे, ‘यांतलें काय काढूं?’ असें विचारलें पाहिजे, आणि काढलेलें काम त्या दुसऱ्या, ‘रिकाम्या’ बाईवर टाकण्यापूर्वीं तिच्याकडेहि तितकाच वेळ बसलें पाहिजे. प्रमुखाची स्वतःची पट्टी त्याच फलकावर सर्वांना दिसत असली, तर हें बसणें थोडें सोपें जातें.

राहिला प्रश्न त्या बाईच्या तासांचा. कांहीं ठिकाणीं यावर उपाय म्हणून ‘साह्य’ अशी एक वेगळी चिठ्ठी ठेवतात आणि दुसऱ्यास दिलेला वेळ तींत लिहितात. हिशेबाच्या दृष्टीनें हें योग्यच आहे, आणि बढतीच्या वेळीं तिचा पक्ष मांडावयास यावांचून दुसरें साधनहि नाहीं. मात्र ही चिठ्ठी सुरू झाल्यावर कांहीं दिवसांनीं तो भांबावलेला मुलगा तिच्या खुर्चीशीं येतो, आणि प्रश्न विचारण्याआधीं क्षणभर अडखळून म्हणतो, ‘ताई, हें कोणत्या टिकिटावर टाकूं?’