पाणी कुणाचे?

चंद्रभागेत उतरताना हे पाणी कुणाच्या मालकीचे, असा विचार कुणा वारकऱ्याच्या मनाला शिवत नाही. पण तोच वारकरी घरी परतून आपल्या विहिरीपाशी उभा राहिला, की म्हणतो, "हे पाणी माझे!"

मागल्या वारीत आमच्या दिंडीतील एका शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "माउली, बोअर माझ्या रानात, कर्ज माझ्या डोक्यावर. मी ऊस लावला अन् शेजाऱ्याची विहीर आटली, तर त्यात माझं पाप ते काय?" आम्हाला झटकन उत्तर सुचले नाही. १८८२ च्या कायद्याने जमिनीखालचे पाणी काढण्याचा मालकाचा हक्क मानलेलाच आहे. पुढे २००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने त्याला बंधने घातली. पण रात्री चालणाऱ्या पंपापर्यंत कायद्याचा हात कुठवर पोचणार?

वाचकहो, पाणी बांध ओळखीत नाही. माळावर पडलेला पाऊस मुरुमातून झिरपतो, खडकाच्या भेगांतून शिवारभर फिरतो. आपल्या बोअराला लागलेले पाणी दुसऱ्याच्या रानात मुरलेले असते. मग ते एकट्याचे कसे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. पाऊस तिथे बेताचाच. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खणले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, असेही ठरविले. तिथे पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांच्या व गुरांच्या पिण्याचे, मग पिकांचे. पाऊस थोडा झाला, तर पीकही थोड्या पाण्याचे.

यातले मर्म असे, की हे व्रत एकट्याचे नव्हे. एकाने हात आखडला आणि शेजाऱ्याने उपसले, तर संयम वाया जातो. दिंडीत पाय धडधाकट आहेत म्हणून कुणी पुढे पळत सुटतो काय? सगळे एका चालीने चालतात, म्हणून म्हाताराही पंढरीला पोचतो.

त्या शेतकऱ्याला आज आम्ही सांगू, "बाबा, कर्ज तुझे खरे, पण पाणी ही ठेव आहे, तुझ्या नातवंडांची आणि रानातल्या पाखरांचीही." मात्र त्याचबरोबर गावालाही सांगू, की ऊस सोडणाऱ्याचा संसार उघड्यावर पडू देऊ नका. त्याला एकट्याला त्याग शिकवून आपण मोकळे होणे, हाही अधर्मच.

रामकृष्णहरी.