रविवारचे ताट



आजच्या शुभवर्तमानात येशू एका परूश्याच्या घरी जेवायला बसला आहे. जेवता जेवता तो यजमानाला सांगतो की, मेजवानी देशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्यांना नको, गोरगरिबांना बोलाव (लूक 14:12-14). हा उतारा वाचताना आम्हाला गेल्या महिन्यातले एक जेवण आठवले.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात 'ब्रंच'साठी नेले. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कोपऱ्यात पियानो, एका बाजूला गरम ऑम्लेट, दुसऱ्या बाजूला कोळंबी, केक आणि फळे. अकराला बसलो ते तीनला उठलो. खरे सांगायचे तर आम्हाला फार बरे वाटले. आठवडाभर लोकलच्या वेळा गाठताना ज्या बापलेकांची धड गाठ पडत नाही, ते चार तास समोरासमोर बसून हसले. निवांतपणा हे पाप नव्हे. माणूस काम करतो ते निवांतपणा मिळावा म्हणून, असे अ‍ॅरिस्टॉटलचे मत होते. तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी 1948 साली त्याच्याही पुढे जाऊन दाखवले की, खऱ्या निवांतपणाचे मूळ उपासनेत आहे.

तेवढ्यात पाणी वाढणारा मुलगा हळूच म्हणाला, "फादर, मला ओळखलंत?" तो आपल्याच वेदीवर सेवा केलेला मुलगा. आमच्या तोंडून सवयीने निघाले, "अरे, हल्ली मिस्साला दिसत नाहीस!" तो हसला. "रविवारी सुट्टी नसते, फादर. आजच तर खरी गर्दी." आमच्या ताटल्या उचलून तो निघून गेला. पहाटेच्या लोकलने आलेला तो मुलगा चार तास उभा होता. आमचा निवांतपणा त्याच्या पायांवर उभा होता, आणि आम्ही त्यालाच जाब विचारला होता.

'ब्रंच' हा शब्द 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने रूढ केला. शनिवारी रात्री जागणाऱ्यांना रविवारी लवकर उठावे लागू नये, हा त्याचा एक मुद्दा होता. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना मात्र रविवारचे उशिराचे खाणे निराळ्या कारणाने आठवत असेल. 1953 पर्यंत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1957 साली तो उपवास तीन तासांवर आला आणि 1964 साली एका तासावर. त्या काळी मिस्साहून घरी येऊन घेतलेला पहिला घास साऱ्या घराचा असे. भूक सर्वांची एकच होती.

करिंथ येथे नेमके हेच बिघडले. प्रभुभोजनासाठी जमलेल्यांपैकी काही आपापले आधीच खाऊन घेत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. याला प्रभुभोजन म्हणताच येणार नाही, असे संत पौलाने त्यांना बजावले (1 करिंथ 11:20-22).

मग हॉटेलात जायचेच नाही का? तसे नाही. रविवारी काहींना हॉटेलात काम करावे लागते, हे कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही मान्य केले आहे (क्र. 2187). पण आपल्या मागण्यांमुळे दुसऱ्याचा प्रभुवार अकारण हिरावला जाऊ नये, असेही तेथेच सांगितले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली प्रभुवारावरील आपल्या पत्रात एक सोपा उपाय सुचवला: एकट्या माणसाला आपल्या घरी जेवायला बोलवा. त्या दिवशी आमच्या टेबलावर सारे होते, फक्त गुडघ्यांमुळे जिने न चढवणारी त्या घरची आजी घरीच होती. तिची आठवण आम्हालाही परतताना झाली.

रविवारी ड्युटी असणाऱ्या मुलामुलींनो, शनिवारची संध्याकाळची मिस्साही रविवारची मानली जाते. तीही जमत नसेल तर अपराधी मनाने दूर राहू नका, आमच्याशी येऊन बोला. त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला. मंगळवारी त्याची सुट्टी होती. तो सकाळच्या मिस्साला आला आणि नंतर आमच्याकडे चहा-पाव घेऊन गेला. वाढायला आम्ही होतो.

पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर न्याहारी मांडली ती रात्रभर जाळी ओढून दमलेल्यांसाठी. कोळशाचा विस्तव त्याने आधीच पेटवून ठेवला होता, मासळी आणि भाकर त्याने स्वतः वाढली (योहान 21:9-13). या रविवारी आपल्या ताटाशेजारी आणखी एक ताट मांडू या. ते कोणाचे, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

प्रभू आपल्या सर्वांच्या अन्नाला आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू